गटार झालं, उतार राहिला

आमच्या गल्लीत पावसाळी गटार बांधून झालं तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता. त्याआधी जोराचा पाऊस आला की खालच्या अंगाच्या घरांत पाणी शिरायचं, दुचाक्या सायलेन्सरपर्यंत बुडायच्या, पोरांना शाळेत सोडायचं तर पँट दुमडून चिखल तुडवत जायला लागायचं. वरून लाद्या टाकलेलं काँक्रीटचं गटार, ठरावीक अंतरावर चेंबर, चेंबरवर लोखंडी जाळी, असं काम दिसायला देखणं झालं होतं. पहिल्या पावसात रस्त्यावर पाणी थांबलं नाही. पण ते पुढेही गेलं नव्हतं. लाद्यांखाली जाऊन बसलं होतं.

उघड्यावरचं डबकं ऊन पडलं की दोन-चार दिवसांत आटतं. लाद्यांखाली ना ऊन लागत, ना वारा. दिवाळी आली तरी गटाराच्या तळाला वीतभर पाणी होतं, आणि संध्याकाळी जाळीपाशी उभं राहिलं की पायाभोवती डासांचा थवा उठायचा.

आमची वसाहत काळ्या रानात वसलेली आहे. पूर्वी इथं ऊस होता. शेतकऱ्यांनी जमीन गुंठ्या-गुंठ्यानं विकली, लोकांनी पोटाला चिमटा काढून घरं बांधली, आणि २००१ च्या गुंठेवारी कायद्यानंतर ती हळूहळू नियमित होत गेली. घरं नियमित झाली, पण रानातल्या पाण्याचं काय करायचं हे कुणी बघितलंच नाही. काळी माती ओली झाली की फुगते आणि वरून बंद होते, मग तिच्यातून पाणी खाली मुरत नाही. म्हणून तर जुने शेतकरी बांधाच्या कडेनं चर काढायचे आणि ते चर ओढ्याला नेऊन सोडायचे. प्लॉट पडले तेव्हा पहिल्यांदा हे चर बुजले. मग ओढ्यावर भर पडली. त्यानंतर रस्ते काँक्रीटचे झाले, म्हणजे जे थोडंफार पाणी मुरत होतं तेही थांबलं. अशा ठिकाणी गटाराचा उतार हीच पाण्याची एकमेव वाट असते.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. डासाचं जीवनचक्र दरवर्षी फळ्यावर काढते: अंडी, अळी, कोष, डास. उबदार हवेत हे सगळं आठ-दहा दिवसांत पुरं होतं. त्याच गोष्टीसाठी स्वतःच्या दारातल्या चेंबरमध्ये वाकून बघायची वेळ आली ती शेजारच्या वहिनींच्या मुलीच्या आजारपणामुळे. मुलगी सातवीत, माझ्याच शाळेतली. सणकून ताप भरला, डोळ्यांच्या मागे ठणकायला लागलं, अंग असं दुखायचं की कूस बदलताना रडायची. डेंग्यूची एनएस-१ तपासणी पॉझिटिव्ह आली. चौथ्या दिवशी ताप उतरला तेव्हा घरातली माणसं निवांत झाली, पण डॉक्टर नेमके त्याच दिवशी जास्त सावध झाले. डेंग्यूत ताप उतरतानाचा दीड-दोन दिवसांचा काळच धोक्याचा असतो. पोटात दुखणं, सारखी उलटी, हातपाय गार पडणं यातलं काहीही दिसलं तर थांबू नका, असं त्यांनी बजावलं. त्याच रात्री तिला उलट्या सुरू झाल्या आणि आम्ही तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. पोरगी वाचली. पण वहिनी कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून बसल्या होत्या, हातात मुलीची एक चप्पल होती आणि दुसरी रिक्षातच राहिली होती, हे मी विसरू शकत नाही. तेव्हाच ठरवलं की या पाण्याचा छडा लावायचा.

गल्लीची मागणी एकच होती: फवारणी करा. धुराची गाडी आली की लोकांना काहीतरी झाल्यासारखं वाटतं. पण धूर मारतो तो त्या वेळी उडणाऱ्या डासाला. पाण्यातल्या अळीला आणि कोषाला तो लागत नाही, म्हणजे आठवडाभरात नवी फौज तयार. त्यातून डेंग्यूचा एडिस डास घरातच पडद्यामागे, पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांत दडून बसतो, आणि आपण धुराची गाडी दिसली की धावत जाऊन दारं-खिडक्या लावून घेतो. रुग्ण सापडलेल्या घराभोवती धूरफवारणीला अर्थ आहे, ती करायलाच हवी. पण वर्षभर पाणी साठू देऊन तिच्यावर भरवसा ठेवणं मला पटत नव्हतं.

घरातलं जुनं स्टीलचं ओगराळं घेतलं, एक पांढरी थाळी घेतली आणि रविवारी सकाळी गल्लीच्या वरच्या टोकापासून चेंबर बघायला सुरुवात केली. शाळेतली दोन मोठी मुलं जाळ्या उचलायला आली. पाणी अलगद काढायचं, थाळीत ओतायचं आणि थोडं थांबायचं. सुरुवातीला नुसता गाळ दिसतो. मग गाळ खाली बसतो आणि पाण्यात हालचाल दिसायला लागते. थाळीवर सावली पडली की सगळ्या अळ्या एकदम तळाकडे सुळकन जातात आणि थोड्या वेळानं वळवळत पुन्हा वर येतात, कारण त्यांना श्वासाला हवा लागते. शेपटाकडची नळी पाण्याच्या पृष्ठभागाला लावून त्या डोकं खाली करून लटकतात. मलेरियाच्या अॅनोफिलीसच्या अळीला अशी नळी नसते, ती पृष्ठभागाला समांतर आडवी पडते. तशी एकही आम्हाला दिसली नाही.

त्या रविवारी जे दिसलं ते मी वहीत चेंबरवार लिहून ठेवलं, आणि पुढे सगळ्यात जास्त उपयोग त्याच पानाचा झाला. गल्लीच्या वरच्या भागातल्या चेंबरमध्ये नितळ पावसाचं पाणी होतं. चेंबरचा तळ गटारापेक्षा वीतभर खोल ठेवलेला, गाळ त्यात बसावा म्हणून. म्हणजे गटार कोरडं पडलं तरी तेवढं पाणी त्यात राहणारच. खालच्या भागातलं पाणी मात्र काळं, साबणाचा फेस असलेलं, वास मारणारं. वरच्या चेंबरमधल्या अळ्या मी बाटलीत जाळी लावून वाढवल्या, तर काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेले एडिस बाहेर आले. खालच्या पाण्यातून आले ते तपकिरी क्युलेक्स. हे रात्री कानाशी गुणगुणतात, घाण पाण्यात वाढतात आणि हत्तीरोग पसरवू शकतात. एकाच गटारात दोन वेगळी कारणं, दोन वेगळे डास.

हे घेऊन वॉर्ड ऑफिसला गेले. आरोग्य विभागात सांगितलं, गटारातलं पाणी म्हणजे बांधकामाचा विषय. बांधकामात सांगितलं, डास म्हणजे आरोग्याचा विषय. शिवाय गल्लीतले बरेच रुग्ण त्यांच्या यादीत नव्हतेच. खासगी दवाखान्यातल्या कार्ड टेस्टवरचा रुग्ण हा 'संशयित' धरतात, प्रयोगशाळेतली एलायझा ही रक्ततपासणी झाल्याशिवाय तो डेंग्यूचा म्हणून मोजला जात नाही. हा नियम चुकीचा नाही, पण लोकांना तो कुणी सांगत नाही. तेव्हापासून गल्लीत कुणालाही ताप आला की आम्ही रक्ताचा नमुना सरकारी रुग्णालयात जाईल असं बघतो. नोंद झाली तरच पथक येतं.

पथक आलं आणि त्यात हिवताप विभागाचे एक कीटक समाहारक, म्हणजे डास-अळ्यांचे नमुने गोळा करणारे कर्मचारी, होते. हे पद असतं हेच आमच्या गल्लीत कुणाला माहीत नव्हतं. निवृत्तीला आलेले गृहस्थ, मितभाषी. माझं वहीचं पान त्यांनी शांतपणे वाचलं, मग स्वतःच्या डब्यानं प्रत्येक चेंबरमधलं पाणी काढून बघितलं. घराघरांत गेले, फ्रिजमागचे ट्रे ओढून बघितले, गच्चीवरचे टायर बघितले, मनी प्लँटच्या बाटल्या रिकाम्या करायला लावल्या. जाताना म्हणाले, “मॅडम, टेमिफॉस हे अळीनाशक दर आठवड्याला टाकू, गप्पी मासेही सोडू. पण पाणी वाहतं करा. नाहीतर मी दर आठवड्याला येत राहीन आणि डासही होत राहतील.” गप्पी मासे गढूळ पाण्यात तग धरतात, अळ्या फस्त करतात, पण गटारातला एक जोराचा लोंढा त्यांना घेऊन जातो आणि उन्हाळ्यात पाणी आटलं की ते मरतात. विहिरीत, हौदात ते राहतील. गटाराला उतारच हवा.

उतार आहे की नाही हे कसं कळणार? याचं उत्तर आमच्या गल्लीतल्या गवंडी काकांकडे होतं. पारदर्शक प्लॅस्टिकच्या लांब नळीत पाणी भरायचं, दोन्ही टोकं वर धरायची. दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीला येऊन थांबतं, मध्ये जमीन कितीही वरखाली असो. एका टोकाला ठरवलेली खूण, दुसऱ्या टोकाला चेंबर. त्या पातळीपासून गटाराच्या तळापर्यंत टेप सोडायची आणि आकडा लिहायचा. मग नळी पुढच्या चेंबरकडे न्यायची. काका नळीवर बोटांनी टिचक्या मारत पुढे सरकायचे. “फुगा राहिला की सगळं माप वाया, ताई,” असं म्हणून त्यांनी एकदा पूर्ण नळी रिकामी करून परत भरायला लावली. उन्हात उभं राहून मुलं कंटाळली, पण त्यांनी काम घाईनं उरकू दिलं नाही.

आकडे कागदावर मांडले तेव्हा सगळं उघड झालं. गल्ली साधारण १८० मीटरची. वरच्या टोकापासून निम्म्या लांबीपर्यंत गटार व्यवस्थित उतरत होतं. त्यानंतर सपाट. आणि शेवटी, जिथं ते मुख्य रस्त्याखालच्या मोरीतून नाल्याला मिळतं, तिथं तळ मधल्या भागापेक्षा ११ सेंटिमीटर वर होता. पाण्याला नाल्यात जायचं तर आधी चढायला लागत होतं. चढायला तेवढं पाणी साठलं की वरचं वाहून जायचं, खालचं मुक्कामाला राहायचं. त्यात गाळ बसायचा, गाळानं तळ आणखी वर यायचा. साधारणपणे पाण्याला सेकंदाला ०.६ मीटरच्या आसपास वेग मिळाला तर ते गाळ आपला आपण ढकलत नेतं. इथं पाणी उभंच होतं.

मग माहितीचा अधिकार. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, उत्तराला ३० दिवसांची मुदत. मागायचं काय हे मात्र नेमकं माहीत हवं. 'गटाराची माहिती द्या' असं लिहिलं तर अर्धं पान उत्तर येतं. माझ्या एका माजी विद्यार्थ्यानं, जो आता खासगी कंपनीत स्थापत्य अभियंता आहे, मला चार गोष्टी लिहून दिल्या: मंजूर अंदाजपत्रक, गटाराचा एल-सेक्शन म्हणजे लांबीच्या दिशेचा छेद, मोजमाप पुस्तिकेच्या प्रती, आणि कामाच्या करारातला दोष दायित्व कालावधी. तोच माझ्यासाठी कळीचा मुद्दा ठरला. काम पुरं झाल्यावर ठरावीक काळात दोष निघाला तर तो ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करून द्यायचा असतो. त्या काळानंतर बोट दाखवून उपयोग नाही, नवी निविदा, नवा निधी, नवी वाट बघणं.

कागद आले. एल-सेक्शनमध्ये ३०० ला १ असा उतार सलग दाखवलेला होता. म्हणजे आमच्या गल्लीच्या लांबीत तळ ६० सेंटिमीटर खाली जायला हवा होता. आणि दोष दायित्व कालावधी संपायला अजून काही महिने बाकी होते. नकाशातला उतार आणि काकांच्या नळीनं दाखवलेला उतार शेजारी शेजारी एका कागदावर काढून मी अर्जाला जोडला. अर्जात तक्रारीचा सूर ठेवला नाही. एकच मागणी लिहिली: बांधकाम आणि आरोग्य या दोन्ही विभागांची एकाच दिवशी, एकाच वेळी संयुक्त पाहणी. आवक क्रमांकाचा शिक्का मारून प्रत घेतली. प्रत्येक अर्जाची शिक्का मारलेली प्रत घेणं, हे ज्यांना अशा कामात पडायचंय त्यांनी अंगवळणी पाडून घ्यावं.

संयुक्त पाहणीला वेळ लागला, पण झाली. कनिष्ठ अभियंता तरुण होते, गटाराच्या कामानंतर बदलून आलेले. त्यांनी आमचा कागद बघितला आणि सोबत आणलेलं लेव्हल मशीन लावलं. त्यांच्या आणि काकांच्या आकड्यांत फरक आला तो एखाद्या सेंटिमीटरचा. काका काहीच बोलले नाहीत, पण दिवसभर त्यांचा चेहरा खुलला होता. मोरीपाशी रस्त्याच्या कडेनं खोदून बघितलं तेव्हा कारण सापडलं. मोरीच्या मार्गात पाण्याची मोठी पाइपलाइन आडवी गेली होती. ती हलवायची तर पाणीपुरवठा विभागाची परवानगी, शटडाउन, खर्च. त्यापेक्षा मोरीचा पाइप तिच्या वरून नेऊन टाकला होता. एका पाइपला वळसा घालायचा टाळला म्हणून पूर्ण गल्लीचं पाणी अडलं. मला त्या क्षणी फार राग आला. वहिनी शेजारीच उभ्या होत्या, त्यांनी माझा हात धरला.

दुरुस्तीचं ठरलं, पण अभियंत्यांनी एक अट घातली, आणि ती रास्त होती. पावसाळी गटारात घरांचं सांडपाणी सोडणं बंद व्हायला हवं. जानेवारीत पावसाळी गटार खडखडीत कोरडं असलं पाहिजे, आमचं कायम ओलं होतं, कारण खालच्या भागातल्या घरांनी न्हाणीचं आणि वॉशिंग मशीनचं पाणी त्यात सोडलेलं. ड्रेनेजची लाइन आमच्याकडे नाही. प्रत्येकाची शौचाची टाकी आहे, पण न्हाणीचं पाणी जिरवायचं कुठं? काळ्या मातीत शोषखड्डा लवकर तुंबतो.

यावरून गल्लीत भांडणं झाली, आणि ती हलकी नव्हती. ज्यांच्या घरचं पाणी गटारात जात होतं ती काही वाईट माणसं नाहीत. खालच्या कोपऱ्यावरचे काका तावातावानं म्हणाले, “आम्ही काय पाणी डोक्यावर घेऊन बसायचं काय? वरच्या घरांना बोलायला काय जातंय!” त्यांचं म्हणणं खरं होतं. वरच्या अंगाला राहणाऱ्यांचा उतार नैसर्गिकच चांगला, त्यांचा शोषखड्डा चालायचा. शेवटी तोडगा निघाला तो असा, की कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटच्या मालकांना विनंती करून तिथं दोन घरांमागे एक असे मोठे शोषखड्डे घ्यायचे, काळा थर ओलांडून खालच्या मुरमापर्यंत. खर्च पूर्ण गल्लीनं वाटून घेतला, वरच्यांनीही. काहींनी दिला नाही. एका घराचं पाणी आजही गटारातच जातं आणि त्यावरून बोलणं चालू आहे.

याच काळात जे आपल्या हातात होतं ते आम्ही थांबवून ठेवलं नाही. दर रविवारी कोरडा दिवस: पिंप, हौद, कूलर रिकामे करून आतून घासायचे. घासणं महत्त्वाचं, कारण एडिसची अंडी पाण्याच्या रेषेलगत भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि ती कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. पुन्हा पाणी भरलं की अळ्या तयार. शौचाच्या टाक्यांच्या हवेच्या पाइपला नायलॉनची जाळी बांधली. क्युलेक्स त्या पाइपमधून आत जातो, टाकीत अंडी घालतो आणि नवे डास त्याच वाटेनं बाहेर येतात. जाळीला खर्च जवळजवळ काहीच नाही. शाळेतल्या पोरांनी ही जबाबदारी घेतली, शिडी धरायला एक मोठं माणूस एवढीच अट होती.

काम मे महिन्यात झालं. पाइपलाइन बाजूला घेतली, मोरीचा पाइप खाली बसवला, गटाराचा खालचा भाग फोडून तळ नव्यानं घातला. माझ्या आग्रहावरून चेंबरचे खोल तळही काँक्रीटनं भरून त्यात मधोमध पन्हळ काढला, म्हणजे गाळ अडण्यापेक्षा पुढे सरकेल आणि पाणी राहणार नाही. याला अभियंते लगेच तयार नव्हते. गाळ बसायला जागा लागते हे त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे, पण ती जागा नियमित उपसणारी यंत्रणा नसेल तर ती डासोत्पत्तीचीच जागा होते. शेवटी मोरीच्या आधीचा एक चेंबर गाळासाठी खोल ठेवला आणि बाकीचे भरले. तो एक चेंबर पंधरवड्याला उपसायची जबाबदारी स्वच्छता निरीक्षकांनी लेखी घेतली आहे.

जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला तेव्हा गवंडी काका छत्री घेऊन मोरीपाशी जाऊन उभे होते. पाऊस थांबल्यावर तासाभरात तळ दिसायला लागला. त्या पावसाळ्यात वरच्या चेंबरमध्ये आमच्या ओगराळ्याला एडिसची अळी लागली नाही. खालच्या टोकाला, त्या एका घराच्या पाण्यात, क्युलेक्स अजून आहे. गल्लीत डेंग्यूचा नवा रुग्ण निघाला नाही, पण हे फक्त गटारामुळे झालं असं मी म्हणणार नाही. डेंग्यूची साथ वर्षावर्षाला कमी-जास्त होते.

आता मला वेगळीच काळजी लागली आहे. आमचं पाणी झपाट्यानं नाल्यात जायला लागलं आणि नाल्याच्या खालच्या वस्तीतल्या बायका मला शाळेत भेटायला आल्या. त्यांच्याकडे नाल्याचं पात्र आधीच दोन्ही बाजूंनी आवळलेलं आहे, वरून आमच्यासारख्या गल्ल्यांचं पाणी वाढलं तर ते त्यांच्याच घरांत जाणार. भूमी अभिलेख कार्यालयातून जुन्या गावनकाशाची प्रत काढली. त्यात हा नाला ओढा म्हणून स्पष्ट दाखवला आहे, आज आहे त्याच्यापेक्षा बराच रुंद, आणि आमच्या वसाहतीतून गेलेली त्याची एक शाखाही आहे, जिच्यावर आज घरं उभी आहेत. खालच्या वस्तीच्या आणि आमच्या गल्लीच्या सह्यांनी ओढ्याच्या हद्दी निश्चित करून मिळाव्यात असा एकत्र अर्ज दिला आहे. मोजणीची फी दोन्हीकडच्या लोकांनी मिळून भरली. तारीख अजून लागलेली नाही, पण गवंडी काकांनी त्या बायकांना नळी कशी धरायची ते शिकवलं आहे आणि नाल्याच्या काठानं त्यांची स्वतःची मापं घेणं सुरू झालं आहे.